जुना पत्ता मोडू नकोस

प्रिय,

काल सात रस्त्यावर तुझा चहा गार झाला, साय धरली, तरी तू टेम्प्लेटंच दाखवत होतीस. निळं घेऊ की मरून, सर? मी दोन्हींना बरं म्हणालो, कारण तुझा चेहरा बघवत नव्हता. एकवीस दिवसांत विभागाची वेबसाइट नवी करायची, प्रमुखांना फिरते फोटो हवेत, निम्म्या प्राध्यापकांचे बायोडेटा आलेले नाहीत, आणि तू रंगात अडकलीस.

रंग कुठलाही घे. जुना पत्ता मोडू नकोस.

जुन्या साइटवरच्या एकूणएक पानाचा नि पीडीएफचा पत्ता आधी शीटमध्ये उतरव. डावीकडे जुना, उजवीकडे नवा. उजवा रकाना रिकामा असेल तर त्या पानाला हात लावायचा नाही. मग ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता उघडला की सर्व्हर आपोआप नव्यावर नेतो, कायमचा. ३०२ तात्पुरता असतो. इथे बिऱ्हाड कायमचं हललंय. आणि आळस करून सगळे पत्ते होमपेजवर ढकलू नकोस. मुलगा अभ्यासक्रम मागतोय, त्याला फिरते फोटो दाखवून काय उपयोग? सर्व्हरचे लॉग, म्हणजे कुठलं पान कधी उघडलं त्याच्या नोंदी, मागून घे, तुलाच दिसेल: लोक होमपेजवर येतात कुठे? व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून थेट वेळापत्रकावर उतरतात. करमाळ्याच्या मुलाला तुझा निळा रंग दिसणारच नाहीये.

मी एवढा का तडतडतो, ते ऐक. दुसऱ्या गावी, विभागाचं नाव घेत नाही, मी अशीच साइट अठरा दिवसांत उभी केली. समितीची भेट होती. पुष्पगुच्छ मिळाला. दोन महिन्यांनी एक माजी विद्यार्थी एस.टी.नं सहा तास प्रवास करून आला. नोकरीसाठी त्याला त्याच्या वर्षाचा अभ्यासक्रम हवा होता. जपून ठेवलेली लिंक उघडली की ४०४, पान सापडत नाही. माझ्याकडे प्रत नव्हती. जुनं होस्टिंग मीच बंद करायला सांगितलं होतं, पैसे वाचतील म्हणून. जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर शोधलं तर यादीचं पान निघालं, आतली पीडीएफ नाही. तो काही बोलला नाही, हे जास्त लागलं. अठरा दिवसांत एक माणूस किती करणार, हे मी आजही स्वतःला सांगतो, आणि ते खोटंही नाही. पण त्यातले तीन दिवस मी फोटो कुठल्या बाजूनं सरकावेत यात घालवले, हेही खरंच आहे.

आता तुझ्याकडची खास अडचण. जुन्या नोटिसा श्री-लिपीच्या जुन्या फाँटात टाइप झाल्यात. कॉपी करून चिकटवशील तर मराठीऐवजी टिंबं डोक्यावर घेतलेली रोमन अक्षरं उमटतील. कन्व्हर्टर लाव, पण नंतर जोडाक्षरं नि रफार डोळ्यांनी तपास. दुसरं, २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. म्हणून उत्साहाच्या भरात सगळीकडे ‘शोधा आणि बदला’ मारशील. नको! २००४ ते २०१९ च्या कागदांवर ‘सोलापूर विद्यापीठ’च राहू दे, त्याआधीच्या पदव्या तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. ज्या वर्षी जे नाव होतं, तेच त्या कागदाचं नाव. हीसुद्धा पत्ता न मोडण्याचीच गोष्ट आहे.

तू मागांच्या खडखडाटात वाढलीस, तुला मी काय सांगू? ताणा संपत आला की त्याचे शेवटचे धागे फणीतून उपसून टाकतात का? नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्याला गाठ मारून जोडतात. कंटाळवाणं काम. तुझी शीट म्हणजे त्याच गाठी.

प्रमुख म्हणतील, ‘जुनं कोण बघतंय?’ वाद घालू नकोस. हो म्हण, आणि रात्री शीट भर. फोटो मात्र त्यांना दे, तीनच दे, आणि शंभर केबींच्या आत बसव. बायोडेटा न आलेल्यांची पानं नाव, विषय नि ईमेलवर चालू कर. बाकीचं ते स्वतःच धावत येऊन देतील.

रविवारी मी घरीच आहे. पहिले दोनशे पत्ते भरून आण. चार्जर तुझाच आण, माझा तुला लागत नाही. शेंगाची चटणी नि कडक भाकरी आहे घरात, पण आधी शीट.

तुझा,
सर