लेझर ध्रुवित असतो ना, मग मालसच्या प्रयोगात रीडिंग का डोलतं?

प्रश्न असा आहे: बी.एस्सी.चं मालसच्या नियमाचं प्रॅक्टिकल (दोन पोलरॉइडमधला कोन बदलला की पार जाणारा प्रकाश त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गानुसार बदलतो), हेलियम-निऑन लेझर, पुढे एकच पोलरॉइड (एकाच दिशेचा प्रकाश पार सोडणारी पट्टी), मग प्रकाश मोजायला फोटोडायोड. पोलरॉइडला हात न लावता रीडिंग वरखाली होतं. सर म्हणतात, तुमचा हात हलतोय. आणि व्हायव्हात ध्रुवण कसं समजावायचं?

हात हलत नाहीये. नळी वाढतेय.

‘लेझरचा प्रकाश एकरंगी, कोहेरंट आणि ध्रुवित असतो’ हे वाक्य व्हायव्हासाठी सगळ्यांचं पाठ असतं. त्यातला तिसरा शब्द (ज्याचं विद्युतक्षेत्र एकाच दिशेत डोलतं तो प्रकाश ध्रुवित) सरसकट खरा नाही. नळीच्या आत एखाद्या दिशेला सवलत मिळाली तर प्रकाश ध्रुवित निघतो, नाही तर नाही. उलट, लेझर नसलेला प्रकाशही चांगला ध्रुवित असू शकतो. आपल्याच इंदूरच्या कॅटमध्ये (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-२ या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या यंत्रातून निघणारा सिंक्रोट्रॉन प्रकाश इलेक्ट्रॉनच्या कक्षेच्या प्रतलात ध्रुवित असतो, आणि तो लेझर नव्हे.

हा ‘हात हलतो’चा वाद इथल्याच एका डार्क रूममध्ये मोजून मिटवला होता, त्याचे आकडे देतो. गार नळी, लांबी २५ सेंटिमीटर, लेबलवर ‘रँडम पोलराइज्ड’, म्हणजे ध्रुवणाची दिशा ठरवून न दिलेली. पोलरॉइड स्टँडला स्क्रूने आवळलेला, मल्टिमीटरची वायर दाराखालून बाहेर, आत कोणी नाही. चालू केल्याबरोबर ०.६ व्होल्टवरून ०.१ वर आणि परत ०.६ वर, एका फेऱ्याला आठ-दहा सेकंद. दहा मिनिटांनी तोच फेरा पाऊण मिनिटाचा. अर्ध्या तासाने चार-पाच मिनिटांचा. थरथरणारा हात असा शिस्तीत मंदावत नाही. मग पोलरॉइड काढला, तर एकूण प्रकाश जेमतेम तीन-चार टक्के हलत होता. म्हणजे नळी प्रकाश कमी-जास्त देत नव्हती, दोन दिशांमधली वाटणी बदलत होती.

ती का बदलते? दोन आरशांमध्ये बरोबर बसणाऱ्या प्रकाशाच्या ठरावीक वारंवारता म्हणजे मोड. २५ सेंटिमीटरच्या नळीत शेजारशेजारच्या दोन मोडमध्ये ६०० मेगाहर्ट्झचं अंतर पडतं (प्रकाशाचा वेग भागिले लांबीची दुप्पट). निऑनची रेषा, म्हणजे निऑन ज्या वारंवारतांचा प्रकाश वाढवतो तो पट्टा, साधारण १५०० मेगाहर्ट्झ रुंद, त्यामुळे एका वेळी दोन-तीन मोड मावतात. आणि आरसे नळीलाच चिकटवलेले असले की शेजारचे मोड बहुधा एकमेकांना काटकोनात ध्रुवित असतात. काच तापते, लांबते, मोड रेषेखालून सरकत जातात. एक पुढे येतो, दुसरा मागे पडतो. लांबी ०.६३ मायक्रॉन वाढली की एक फेरा पुरा. बोरोसिलिकेट काच ४० अंश तापली तर २५ सेंटिमीटरला सुमारे ३३ मायक्रॉन वाढते, म्हणजे पन्नासेक फेरे. तुमचा पोलरॉइड यातल्या एकाच मोडच्या दिशेला लावला असेल तर हे सगळे फेरे तुमच्या वहीत उतरणार.

उपाय फुकटचा आहे. पोलरॉइड हळूहळू फिरवून रीडिंग सगळ्यात जास्त कुठे डोलतं तो कोन शोधा. तिथून ४५ अंश फिरवा. तिथे दोन्ही दिशांचा अर्धा-अर्धा वाटा येतो आणि डोलणं जवळजवळ थांबतं. हा पोलरॉइड आता तिथेच घट्ट आवळा. याच्यापुढे दुसरा लावा आणि फक्त तो फिरवा. मालसचा नियम या दोघांमधला आहे, लेझर आणि पोलरॉइडमधला नाही.

ब्रूस्टर खिडकीची (टोकाला ठरावीक कोनात तिरकी काच बसवलेली) नळी मिळाली तर पहिला पोलरॉइड लागतही नाही. १.५ अपवर्तनांकाच्या काचेला ५६.३ अंशांवर एका दिशेचं परावर्तन शून्य, दुसऱ्या दिशेचं प्रत्येक पृष्ठभागाला सुमारे १५ टक्के. हेलियम-निऑन नळीत प्रकाश एका फेरीत मुळात वाढतोच दोनेक टक्के. १५ टक्के गमावणारा तिथे काय टिकणार? जेल रोडच्या बाजारातून आणलेलं ६५० नॅनोमीटरचं लाल डायोड मॉड्यूलही ध्रुवित असतं, पण सेल उतरला की प्रकाशही उतरतो. त्याला ॲडॉप्टर लावा. हिरवा पॉइंटर या प्रयोगात नकोच.

फोटोडायोडच्या जागी एलडीआर (प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक) असेल तर काढून फेका. त्याचा रोध प्रकाशाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, आलेख वाकतो, आणि पोरं मालसलाच दोष देतात. फोटोडायोड घ्या, ९ व्होल्ट उलट बायस, मालिकेत २.२ किलोओहम. लाल प्रकाशाला सिलिकॉन साधारण ०.४ मिलिॲम्पिअर प्रति मिलिवॅट देतं, म्हणजे १ मिलिवॅटला ०.९ व्होल्टच्या आसपास. हौसेने १०० किलोओहम लावलात तर हिशोबाने ४० व्होल्ट यायला हवेत, आणि बॅटरी आहे ९ ची. वरचं टोक चपटं होतं, तेव्हाही ‘हात हलला’च ऐकावं लागतं.

शून्याचा कोन, म्हणजे दोन्ही पोलरॉइड एका दिशेत येतात तो, उजेडाच्या टोकावर शोधू नका. तिथे ५ अंश चुकलात तरी तीव्रता ०.८ टक्केच घटते, कळणारही नाही. अंधाराच्या दोन बाजूंना सारखं रीडिंग देणारे दोन कोन घ्या आणि त्यांचा मध्य काढा; तो ९० अंशांचा कोन. लेझर झाकून आलेलं रीडिंग प्रत्येकातून वजा करा. आणि एखादा कोन व त्यात १८० मिळवून येणारा कोन यांची रीडिंग जुळत नसतील, तर पोलरॉइड तिरका आहे आणि ठिपका डायोडवरून सरकतोय.

व्हायव्हाचं म्हणाल तर दोरीची लाट कुंपणाच्या फटीच्या दिशेत असली तरच पार जाते, हे चित्र काढू नका. पोलरॉइडमध्ये ताणलेल्या प्लॅस्टिकवर आयोडीनच्या साखळ्या असतात. साखळीच्या दिशेचं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉन हलवतं आणि तिथेच शोषलं जातं. साखळीला काटकोनातलं क्षेत्र पार जातं. कुंपणाच्या बरोबर ९० अंशांनी उलटं. बाकी पुस्तकात आहे.

सगळ्याच नळ्या इतक्या गुळगुळीत डोलत नाहीत. काहींमध्ये ध्रुवण एकदम उडी मारून पलटतं. पण ४५ अंशांची युक्ती त्यांनाही चालते. नळी नाकाडोळ्यांच्या पातळीवर ठेवू नका, १ मिलिवॅट असली तरी.

आणि सर अजूनही ऐकत नसतील तर गार नळी चालू करा, पोलरॉइड स्क्रूने आवळा, वायर दाराखालून बाहेर घ्या आणि पहिली वीस रीडिंग त्यांनाच घ्यायला सांगा.