थरथरलं तरी पाय काढू नका
वाहन प्रश्नोत्तरं : निसरडा रस्ता आणि एबीएस

प्रश्न (संगमेश्वर) : तीस वर्षं जुनी गाडी चालवली. निसरड्यावर ब्रेक एकदम दाबायचा नाही, दाबून-सोडून मारायचा, हे पायात मुरलेलं आहे. यंदा एबीएसची गाडी घेतली. पहिल्याच सरीत रस्त्यात गुरं आडवी आली, जोरात ब्रेक मारला, तर पेडल पायाखाली धडधडलं आणि पुढून करकर आवाज आला. दचकून पाय उचलला. गाडी गुरांच्या अगदी जवळ जाऊन थांबली. सर्व्हिस सेंटर म्हणतं, दोष नाही. मग आवाज कसला?

उत्तर : दोष नाहीच. ती धडधड म्हणजे एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) कामाला लागल्याची खूण.

प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा एक सेन्सर असतो. ब्रेक मारल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच मंदावलं, की ते आता जाम होणार हे कंट्रोल युनिट ओळखतं. त्या चाकाकडे जाणाऱ्या ऑइलचा व्हॉल्व्ह बंद होतो. तरीही चाक सावरलं नाही तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून तिथला दाब कमी केला जातो आणि चाक फिरू लागताच पुन्हा वाढवला जातो. हे चक्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा चालू शकतं. सोडलेलं ऑइल पंप पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरकडे परत ढकलतो, तोच धक्का पेडलमधून तुमच्या पायाला लागतो. करकर ही पंपाच्या मोटरची आणि व्हॉल्व्हची.

दाबून-सोडून मारण्याची तुमची सवय जुन्या गाडीसाठी बरोबरच होती. पण पायाने ते सेकंदाला फार तर दोन-तीन वेळा जमतं आणि चारही चाकांना एकदमच लागू होतं. एबीएस तेच काम प्रत्येक चाकाचं वेगळं बघून करतं. (काही गाड्यांत मागची दोन चाकं मिळून एक धरतात.) त्यावर तुम्ही पुन्हा पाय उचललात, तर तेवढा वेळ ब्रेकच नसतो. ४० किमी वेगाला अर्धा सेकंद पाय वर राहिला तरी गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. गुरांच्या जवळ गेलात ते यामुळेच.

म्हणून नवी सवय लावून घ्यायची. पेडल तळापर्यंत, पूर्ण जोराने, गाडी थांबेपर्यंत. सोबत क्लचही पूर्ण दाबायचा. आणि नजर गुरांवर न ठेवता मोकळ्या जागेवर ठेवून स्टिअरिंग तिकडे वळवायचं. जाम झालेलं चाक वळवलं तरी गाडी सरळच घसरत जाते. फिरत राहिलेलं चाक दिशा ऐकतं. एबीएसचा खरा उपयोग हा आहे, गाडी थोडी आधी थांबली तर तो वरचा फायदा समजा.

सवय वाचून लागत नाही, पायाला अनुभव द्यावा लागतो. आजूबाजूला झाड, गडगा, खांब काही नाही असं साठ-सत्तर मीटर मोकळं डांबरी किंवा सिमेंटचं आवार बघा. पाऊस पडून ओलं झालेलं असेल तर उत्तम. गाडीतलं सुटं सामान काढा, टायरची हवा बरोबर करून घ्या, मागे कुणी नाही हे बघा. ३० किमी वेग आला की क्लच-ब्रेक दोन्ही एका दमात तळाला न्या आणि धडधड सुरू झाली तरी तसेच धरून ठेवा. ओल्या डांबरावर दहा-बारा मीटरच्या आत थांबाल. चार-पाच वेळा करा, मधे ब्रेक निवू द्या. मग पुढे एक रिकामी प्लॅस्टिकची बादली ठेवून ब्रेक दाबलेला असतानाच तिला वळसा घालून बघा. बहुतेकांचा पाय वळवताना नकळत सैल पडतो. तो सैल पडेनासा झाला की समजा जमलं.

बसणंही तपासा. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, नाहीतर ऐन वेळी जोर लागत नाही. पावसाळ्यात पायाखाली वर्तमानपत्र किंवा गोणपाट टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. ड्रायव्हरच्या बाजूला ती मोडा. ओलं गोणपाट सरकून पेडलखाली अडकतं.

आणखी एक. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की डावी चाकं साइडपट्टीच्या चिखलात उतरतात, उजवी डांबरावर राहतात. अशात जोरात ब्रेक लावला तर डांबराकडची चाकं जास्त धरतात आणि गाडी उजवीकडे, म्हणजे एसटीकडे ओढ घेते. एबीएस ही ओढ कमी करतं, पण संपवत नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून किंचित डावीकडे ठेवावं लागतं.

प्रश्न (गुहागर) : डिसेंबरात मनालीला भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवायचा विचार आहे. गाडीला एबीएस आहे. बर्फावर तेवढं पुरेल का? धाकटा भाऊ मॉन्ट्रियलला गेलाय, त्यालाही हेच विचारायचं आहे.

उत्तर : पुरणार नाही. एबीएस असलेली पकड वाटून देतं, नसलेली निर्माण करत नाही. कोरड्या डांबराची पकड (घर्षणाचा गुणांक) साधारण ०.७ धरली, तर ओल्या डांबराची ०.४ आणि गुळगुळीत बर्फाची जेमतेम ०.१ असते. ४० किमी वेगाला ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर अनुक्रमे ९, १६ आणि ६३ मीटर येतं. तुमचा पाय ब्रेकवर जायला लागणारा एक सेकंद म्हणजे आणखी ११ मीटर, ते वेगळे. ६० किमीला बर्फावर हेच अंतर १४० मीटरच्या वर जातं. एबीएस उत्तम चालत असतानाचा हा हिशोब आहे.

बर्फ शून्य अंशाच्या आसपास असताना सर्वांत निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर सुटतो. शेवाळ धरलेली विहिरीची पायरी आठवा. फार कडक थंडीत तोच बर्फ थोडी जास्त पकड देतो. त्यामुळे सकाळी ऊन पडू लागल्यावर रस्ता सुधारला असं मानू नका.

खरा धोका पांढऱ्या बर्फाचा नाही, तो दिसतो. दिवसा रस्त्यावरून ओहोळ वाहतो आणि रात्री तोच गोठतो. वर काचेसारखा थर, खालून काळं डांबर दिसत राहतं, वाटतं रस्ता नुसता ओला आहे. डोंगराच्या सावलीतली वळणं, पूल आणि बोगद्यांची तोंडं इथे तो हमखास असतो. मनालीहून लाहौलकडे नेणारा ९.०२ किमीचा अटल बोगदा (ऑक्टोबर २०२० पासून खुला) आतून कोरडा असतो, म्हणून बाहेर पडताना लोक वेगात असतात. तोंडाशी येण्याआधीच वेग उतरवा.

बर्फावर पेडलची थरथर अगदी हलक्या दाबालाच सुरू होते. सुरक्षित, मोकळ्या जागी मुद्दाम हलका ब्रेक लावून बघा. लगेच थरथरलं तर रस्त्याने तुम्हाला उत्तर दिलं, वेग अजून कमी करा. पुढच्या गाडीशी आठ-दहा सेकंदांचं अंतर ठेवा. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग उतरवून घ्या, वळणात ब्रेक नको. स्टिअरिंग थोडं आणि सावकाश फिरवा. बर्फावर एकदम जास्त फिरवलं तर पुढची चाकं नुसती नांगरत जातात आणि गाडी वळत नाही.

एबीएसपेक्षा टायर महत्त्वाचा. आपल्याकडच्या साध्या टायरचं रबर सुमारे ७ अंशांखाली कडक होत जातं. भाड्याची गाडी घेताना साखळ्या मिळतात का विचारा आणि त्या कोणत्या चाकांना लावायच्या तेही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला त्या पुढे लागतात. साखळ्या लावून ३०-४० किमीच्या वर जायचं नाही. रात्री गाडी सपाटीवर उभी करून पहिल्या गिअरमध्ये ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवला तर ओले लायनर ड्रमला गोठून चिकटतात. खरं सांगायचं तर पहिल्याच खेपेला बर्फातला तो तुकडा तिथल्या ड्रायव्हरच्या हाती द्यावा, हे आमचं मत.

भावाची गोष्ट सोपी आहे. क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं, ते बघून चारही टायर एकदम घ्यायला सांगा. दोनच घेतले तर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं सुटतं. पहिला बर्फ पडला की रिकाम्या पार्किंगमध्ये २०-३० किमीला वर सांगितलेला सराव त्यानेही करावा. बर्फावर थांबायला लागणारी जागा मात्र कितीतरी जास्त धरावी.

प्रश्न (लांजा) : माझ्या बाइकला एबीएस आहे, तरी चिरेखाणीच्या फाट्यावर मागचं चाक घसरून पडलो. मग एबीएसने केलं काय?

उत्तर : तुमची बाइक बहुधा सिंगल चॅनल आहे, म्हणजे एबीएस फक्त पुढच्या चाकाला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, पण सिंगल चॅनल असलं तरी नियम पुरा होतो. मागच्या डिस्कजवळ दातेरी किंवा भोकाभोकांची छोटी रिंग (सेन्सर हिच्यावरूनच चाकाचा वेग मोजतो) नसेल, तर मागचं चाक पूर्वीसारखंच जाम होणार.

चिऱ्याच्या ट्रकांनी डांबरावर आणलेली तांबडी माती मुसळधार पावसात वाहून जाते, रिपरिप पावसात मात्र तिचं साबणासारखं लोणी होतं. भाताच्या चिखलणीच्या दिवसांत पॉवर टिलर शेतातून रस्त्यावर चढतो तिथेही हेच. बंदराच्या रस्त्यावर मासळीच्या गाड्यांतून गळणाऱ्या तेलकट पाण्याने आणि आंब्या-फणसाखाली कुजलेल्या पातेऱ्यानेही.

अशा तुकड्याच्या आधीच बाइक सरळ असताना वेग उतरवा. ब्रेक लावायचाच झाला तर पुढचा बिनधास्त पण झटका न देता दाबत न्या, मागचा अगदी हलका. आपल्या लोकांना पुढच्या ब्रेकची भीती असते, ती एबीएस नसलेल्या बाइकवर रास्त होती. मागचं चाक जाम होऊन शेपूट हलू लागली आणि बाइक अजून सरळ असेल, तर मागचा ब्रेक सावकाश सोडा. बाइक वळणात कललेली असेल तर साधं एबीएस तुम्हाला वाचवेलच असं नाही. कलण्याचा कोन मोजून काम करणारं एबीएस फक्त महागड्या बाइकना असतं.

सुट्या खडीवर आणि चिखलात एबीएसने थांबण्याचं अंतर उलट वाढतं. जाम झालेलं चाक खडी पुढे ढकलत तिचा बांध घालतं आणि त्याला अडून थांबतं, फिरणारं चाक मात्र खडीवरून चढून पुढे जातं.

प्रश्न (मालवण) : गाडी सहा वर्षांची, घर समुद्रालगत. गाडी थांबता थांबता, कोरड्या रस्त्यावरसुद्धा, पेडल थरथरतं. कधी कधी एबीएसचा पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक म्हणतो, पूर्ण एबीएस युनिट बदला.

उत्तर : युनिट सगळ्यात शेवटी. तुम्ही सांगितलेलं लक्षण खाऱ्या हवेतल्या गाड्यांचं नेहमीचं आहे. काही गाड्यांत ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यावर दातेरी रिंग ठोकून बसवलेली असते. तिच्याखाली गंज धरून फुगतो आणि रिंग तडकते. तडकलेल्या जागी एका दात्याचा हिशोब चुकतो, कमी वेगात युनिटला वाटतं चाक जाम झालं आणि ते दाब सोडतं. चाक वर उचलून हाताने पूर्ण एक फेरा फिरवा, टॉर्चने बघा, तडा दिसतो. रिंग वेगळी मिळते आणि युनिटच्या मानाने स्वस्त असते.

रिंग धड असेल तर एबीएसच्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून कोणतं चाक ते काढा. साधे स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात. मग २० किमी वेगात चारही चाकांचे आकडे स्क्रीनवर शेजारी-शेजारी बघायचे, जे तुटक येईल ते दोषी. त्या चाकाचा कनेक्टर उघडून आत हिरवा क्षार आहे का, वायर शॉकॲब्सॉर्बरच्या क्लिपजवळ घासली किंवा उंदराने कुरतडली आहे का, सेन्सरच्या टोकाला लोखंडी कीस चिकटलाय का, हे बघा. सेन्सरच्या बुडाखाली गंज साचला की सेन्सर वर उचलला जातो आणि अंतर वाढून सिग्नल तुटतो. गंज खरवडून जागा साफ करायची. सेन्सरवर हातोडी चालवायची नाही. नव्या पद्धतीच्या सेन्सरला मल्टिमीटरने ओहम मोजत बसू नका, त्यातून काही कळत नाही आणि सेन्सर बिघडू शकतो.

अलीकडे चाकाचं बेअरिंग बदललंय का? बऱ्याच गाड्यांत दातेरी रिंगऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. बेअरिंग उलटं बसवलं की चाक झकास फिरतं, सिग्नल मात्र शून्य.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक चालतो, फक्त एबीएस नाही. जपून गॅरेजपर्यंत जाता येईल. सोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला तर गाडी हलवू नका. तेव्हा ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा मागच्या चाकांचा दाब आवरणारी व्यवस्थाही बंद पडून मागची चाकं आधी जाम होऊ शकतात.

प्रश्न (साखरपा) : आंबा घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येतो, पेडल मऊ होतं. एबीएस बिघडलं का?

उत्तर : एबीएसचा संबंध नाही. ब्रेक तापलेत. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. पेडल मऊ पडलं तर बाजूला थांबून अर्धा तास निवू द्या, चाकांवर पाणी ओतू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि कोकणात ओलीला तोटा नाही. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. त्याची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल मऊ लागतं. दर दोन वर्षांनी, शक्यतो आगोटीआधी, सगळं ऑइल बदला. बदलताना टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनरवरून पंप चालवावा लागतो, नुसतं पेडल मारून निघत नाही.