शेतातलं बंदर

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी नेदरलँड्सला असतो. त्यानं फोटो पाठवलाय. लाकडी धक्का आहे, पण पुढे पाणी नाही, नुसतं शेत! म्हणतो, हे जुनं बंदर आहे. आम्ही पिढीजात कोळी. बंदरातलं पाणी गेलं कुठे, आणि तिथली माणसं?
– एक भगिनी, दिवाळे कोळीवाडा, नवी मुंबई

उत्तर : ताई, ही जागा स्खोकलांडची असणार. झायडरझे नावाच्या उथळ समुद्रातलं ते चिंचोळं बेट, आणि उत्तर टोकाला एमेलोर्ड हे मासेमारांचं गाव. घरं भराव घालून उंचावलेली, तरी दर वादळात किनारा ढासळायचा. १८२५च्या पुरानं बेटाचं कंबरडंच मोडलं.

माणसं आधी गेली, पाणी नंतर. १८५९ साली सरकारनं सगळं बेट रिकामं करवलं, साधारण साडेसहाशे माणसं. घरं मोडली गेली. कोणी कांपेनला गेलं, कोणी फोलेनडामला. बंदर मात्र ठेवलं, कारण वादळात सापडलेल्या होड्यांना तोच आसरा होता. त्यासाठी दिवा सांभाळणारी माणसं तेवढी मागे राहिली.

मग १९१६ला मोठा पूर आला आणि इंजिनिअर कॉर्नेलिस लेली यांची जुनी योजना मार्गी लागली. १९३२मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून समुद्राचं तोंडच बंद केलं. खारं पाणी हळूहळू गोडं झालं. पुढे बेटाभोवती आणखी बांध घातले, पंपांनी पाणी उपसलं आणि १९४२मध्ये तळ उघडा पडला. आज तिथे बटाटे पिकतात, ट्यूलिप फुलतात.

मी चेंदणी कोळीवाड्यातली. लहानपणी मीठबंदराकडे ओहोटीला होड्या चिखलात कलंडलेल्या दिसायच्या. भरतीचं पाणी बुडाला लागलं की आधी जरा हलायच्या, मग सरळ व्हायच्या. एमेलोर्डच्या धक्क्याला ती भरती परत लागणार नाही, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात तुटलं माझ्या.

मुलाला सांगा, बेटाच्या कडेची ओली जमीनही बघून ये. पाणी आटल्यावर बेटाची माती आक्रसून खचायला लागली. म्हणून तिथे आता मुद्दाम पाणी धरून ठेवतात.