कंसातले नाव

प्रिय ईशान,

गेल्या महिन्यात नागपूरहून मेलबर्नला परतताना विमानतळावर एका अधिकाऱ्याने तुझा आणि माझा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवला आणि ‘या मुलाच्या आपण कोण?’ असे विचारले. मी पर्समधून तुझा जन्मदाखला काढून दिला आणि दोन मिनिटांत आपण पुढे गेलो. माझ्या लेखी विषय तिथेच संपला होता. तू मात्र विमानात पट्टा बांधताना म्हणालास, ‘आई, माझ्या नावात बाबांचे नाव आहे, आडनावही त्यांचेच आहे. तुझे काहीच नाही. मग कागद दाखवल्याशिवाय तू माझी आई आहेस हे कुणाला कसे कळणार?’ ‘आपल्यात असेच असते’ एवढेच मी म्हणाले. ते उत्तर नव्हते, हे तुलाही कळले आणि मलाही. म्हणून हे पत्र. अडेल तो शब्द बाबांना विचार.

तुझी पणजी, म्हणजे माझी रामटेकची आजी, हिच्यापासून सुरुवात करते. १९६८ साली माझे आजोबा गेले, तेव्हा तुझे आबा, म्हणजे माझे वडील, सहा वर्षांचे होते. घरी धानाच्या बांध्या होत्या, सगळ्या मिळून पाच एकर, आणि त्या आबांच्या नावावर चढल्या. सहा वर्षांच्या मुलाला व्यवहार करता येत नाही, म्हणून सातबाऱ्यावर त्यांच्या नावामागे ‘अज्ञान’ आणि पुढे ‘अ.पा.क. आई’ असे लिहून मग आजीचे नाव आले. अज्ञान म्हणजे इथे अडाणी नव्हे, वयात न आलेला, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. शेतसारा भरायला आजी जायची तेव्हा आबांना बोटाला धरून न्यायची. तलाठ्याला आमच्याकडे सगळे पटवारीच म्हणत. त्याने ‘खातेदार कोण?’ असे विचारले की आजी आबांना दोन पावले पुढे करायची आणि स्वतः मागे उभी राहायची. ही गोष्ट आबा अजूनही सांगतात आणि सांगताना हसतात. मला लहानपणी त्यात गंमत वाटायची; आता आजीचे ते मागे उभे राहणेच डोळ्यांसमोर येते.

रोवणी कधी लावायची, मजूर किती सांगायचे, कर्ज घ्यायचे की बैल विकायचा, हे सगळे बारा वर्षे तिनेच ठरवले. १९८० साली आबा अठरा वर्षांचे झाले, फेरफार झाला आणि तिचे नाव कंसात गेले. तेव्हा सातबाऱ्यावर कमी झालेले नाव खोडत नसत, त्याला कंस करत. तो उतारा तिने पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवला होता. तिला त्याचे वाईट वाटत होते की अभिमान, हे मी कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.

आता तुझ्या प्रश्नाशी जोडलेली दुसरी बाई. या वेळी आपण रामटेकजवळ नगरधनला गेलो आणि तू किल्ल्याच्या तटावरून पळत होतास, ते नगरधन म्हणजे वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी तिथला राजा दुसरा रुद्रसेन वारला. मुले लहान होती, आणि राणी प्रभावतीगुप्ताने थोरल्या दिवाकरसेनाच्या वतीने राज्य हाती घेतले. शाळेच्या पुस्तकात ताराबाई असतात, त्यांनी मुलाच्या नावाने औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली, हे तुला ठाऊक आहे. प्रभावतीने कुठली लढाई जिंकली असे मी तुला सांगणार नाही. तिचे मोठेपण मला तिच्या कागदांत दिसते, म्हणजे ताम्रपटांत.

तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला. तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षी, कार्तिक शुद्ध द्वादशीला, नंदिवर्धनाहून दिलेला. (कार्तिकातल्या याच दिवसांत आजी आम्हाला त्रिपुरी पौर्णिमेसाठी गडावर न्यायची.) त्यात तिने दंगुण नावाचे गाव एका आचार्याला दान दिले आहे. गावातल्या कुटुंबांचे आधी कुशल विचारले आहे आणि मग आज्ञा केली आहे. थोडक्यात, हासुद्धा जमिनीचाच कागद. त्याच्या मुद्रेवरचा श्लोक मी तुला एकदा मोठ्याने वाचून दाखवीन: ‘वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः । जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम् ॥’ वाकाटकांचे भूषण असलेल्या, वंशक्रमाने राजलक्ष्मी लाभलेल्या युवराजाच्या आईचे हे शासन, शत्रूंवर शासन करणारे. या श्लोकात तिचे नाव नाही. मुलगा पुढे, आई मागे. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला थेट पटवाऱ्याची कचेरी आठवली, कारण ‘जनन्या युवराजस्य’ आणि ‘अ.पा.क. आई’ यांत मला फरकच दिसेना, मुलूखही तोच.

पण पत्र्यावरचा मजकूर पुढे वाचावा लागतो. तिथे ती आपली ओळख करून देते, आणि सुरुवात सासरपासून करत नाही. आधी माहेरच्या गुप्तांची वंशावळ येते, मग वडील चंद्रगुप्त, ज्याला आपण विक्रमादित्य म्हणतो. मग नागकुळातली आई कुबेरनागा. गोत्रही ती वडिलांचे, धारण हे सांगते. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध होते, तरी लग्नानंतर तिने ते लावलेले नाही. त्यानंतर रुद्रसेनाची पट्टराणी, युवराज दिवाकरसेनाची आई, आणि शेवटी श्रीप्रभावतीगुप्ता. आईचे नाव, वडिलांचे नाव, नवरा, मुलगा, स्वतः: सगळी माणसे एका ओळखीत बसली आहेत. तेरा वर्षांनंतरही दिवाकरसेन युवराजच आहे, आणि तो पुढे महाराज झाल्याचे कुठे दिसत नाही. राज्य धाकट्या भावाकडे, प्रवरसेनाकडे गेले. त्याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी रामगिरीस्वामीच्या पायाशी, म्हणजे आपल्या रामटेकच्या गडावर, म्हाताऱ्या प्रभावतीने आणखी एक दान दिले. तो ताम्रपट रिद्धपूरला मिळाला. मधल्या काळात थोरल्याचे काय झाले असेल, याचा विचार मी आई झाल्यापासून जास्त करते.

आणि एक गोष्ट मी तटावर उभी राहून तुला सांगणार होते, ती उन्हामुळे राहून गेली. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने नगरधनला उत्खनन केले, त्यात मातीची एक लंबगोल मुद्रा निघाली. साडेतीन सेंटिमीटर लांब, वजन सहा-साडेसहा ग्रॅम, तुझ्या तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी. तिच्यावर शंख आहे आणि ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव आहे.

आपली नाव लिहिण्याची रीत मला पूर्ण चुकीची वाटत नाही. मी स्वतः वडिलांचे नाव मधे लावत मोठी झाले, आणि शाळेत हजेरी घेताना माझ्या नावामागून आबांचे नाव आले की पाठीवर कुणी हात ठेवल्यासारखे वाटायचे. त्या भावनेला मी खोटे म्हणणार नाही. पण तुझा जन्मदाखला भरताना मी बाबांचे नाव एका दमात लिहून टाकले, क्षणभरही थांबले नाही, हे मला तुझ्या प्रश्नानंतर सलते आहे. महाराष्ट्रात आता १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. तू त्याआधीचा, आणि इथला. तू नाव बदलावेस असे मी सुचवत नाही, बदलू नकोस असेही म्हणत नाही. तुझ्या नावामागे उभ्या असलेल्या बायका तुला माहीत असाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.

पणजीच्या उताऱ्याचा फोटो सोबत जोडला आहे. कागद पिवळा पडला आहे आणि शाई पुसट झाली आहे. कंसातले अक्षर लागले नाही तर रविवारी फोनवर आबांना विचार. ती ओळ त्यांना पाठ आहे.

तुझी,
आई