जर्मनीत एचआर म्हणतंय, सही करा आणि दोन पगार घ्या. करू का? तिकडे तर कुणाला काढताच येत नाही ना?

सही करू नका. निदान या शुक्रवारी तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की म्युनिकमध्ये दीड वर्ष झालं, ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, आहात, कंपनी दोनशे माणसांची आहे. एचआरने रीस्ट्रक्चरिंगचं कारण सांगून आउफहेबुंग्सफरट्राग पुढे सरकवलाय, म्हणजे दोघांच्या संमतीने नोकरी संपवायचा करार. मी इथल्या एका कंपनीत बेट्रिब्सराटवर, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या समितीवर, एक टर्म होतो. हा कागद आणि ही 'शुक्रवारपर्यंत'ची घाई, दोन्ही चांगली ओळखीची आहेत.

काढताच येत नाही हे खरं नाही. काढता येतं, पण कोर्टात टिकेल असं कारण लागतं. हे १९५१ च्या क्युंडिगुंग्सशुट्झ कायद्यामुळे, म्हणजे नोकरीवरून काढण्यापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यामुळे. नोकरीला सहा महिने झालेले असले आणि तिथे दहापेक्षा जास्त माणसं असली की तो लागू होतो. तुम्ही दोन्हींत बसता. कारणं तीनच चालतात: माणसाची स्थिती (बहुतेकदा लांबलेलं आजारपण), त्याचं वागणं, किंवा धंद्याची निकड.

वागण्याच्या बाबतीत कोर्ट किती बारकाईने बघतं, ते 'एमेली' खटल्यात दिसलं. बर्लिनच्या एका सुपरमार्केटमधल्या या कॅशियरबाई, ३१ वर्षांची नोकरी. बाटल्यांच्या डिपॉझिटची कुणीतरी विसरलेली दोन कुपनं, एक ४८ सेंटचं आणि एक ८२ सेंटचं, त्यांनी स्वतःसाठी वटवली म्हणून तडकाफडकी काढलं. खालच्या दोन्ही कोर्टांत त्या हरल्या. जून २०१० मध्ये एर्फुर्टच्या फेडरल लेबर कोर्टाने निकाल फिरवला: चूक गंभीर खरी, पण इतक्या वर्षांत कमावलेला विश्वास १ युरो ३० सेंटांपायी पुरता संपत नाही, ताकीद पुरेशी होती.

तुमचं प्रकरण धंद्याच्या निकडीचं. इथे कंपनीला दाखवावं लागतं की काम खरंच संपलं, दुसरी रिकामी जागा नाही, आणि सारख्या कामाच्या लोकांतून निवड नीट केली. त्या निवडीत नोकरीची वर्षं, वय, पोसायची माणसं आणि गंभीर अपंगत्व हे बघतात. तुम्ही तरुण आणि नवे असाल तर काढायच्या यादीत तुमचं नाव वर असणार, हे आधीच समजून घ्या. पण हे सगळं सिद्ध करायची कटकट कंपनीला नको असते, म्हणून तर तो कागद. तुम्ही सही केलीत की कारण विचारणारं कुणी उरत नाही.

आता पैशाचं. नुकसानभरपाईचा सर्वसाधारण हक्क इथे नाही, हे ऐकून बरेच जण चक्रावतात. वाटाघाटीत नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा ग्रॉस पगार हा अंदाज धरतात. त्या हिशेबाने दोन पगार दिसायला चांगले. पण स्वतःहून सही केली तर आर्बाइट्सआगेंटूर, म्हणजे सरकारी रोजगार कचेरी, सहसा १२ आठवडे बेकारी भत्ता अडवते. भत्ता नेट पगाराच्या साधारण ६० टक्के, मूल असेल तर ६७. म्हणजे एका हाताने आलेलं बरंचसं दुसऱ्या हाताने जातं. काही अटींत हे टळतं, तेवढ्यासाठी तरी कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखवाच.

खरी क्युंडिगुंग, म्हणजे कंपनीकडून काढल्याची नोटीस, आली तर ती कागदावर आणि शाईच्या सहीची हवी. ईमेल, व्हॉट्सॲप, टीम्स कॉल यांना किंमत शून्य. बेट्रिब्सराट असेल आणि त्यांना आधी विचारलं नसेल तरी ती रद्दबातल. पण पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत लेबर कोर्टात दावा गेला नाही, तर कितीही चुकीची असली तरी ती वैध धरली जाते. आणि 'हातात' म्हणजे पत्रपेटीत. तुम्ही गणपतीला पुण्यात असाल आणि मागे पेटीत पत्र पडलं, तरी मुदत चालू. उशीर माफ करून घेता येतो, पण ती वेगळी डोकेदुखी. सुट्टीवर जाताना पेटीची किल्ली मित्राला देऊन जा.

कोर्टाला घाबरू नका. दावा कोर्टाच्या काउंटरवर तोंडी सांगून लिहून घेतात, पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही. केला तर मात्र जिंकूनही त्याची फी तुमचीच. काही आठवड्यांतच तडजोडीची सुनावणी लागते आणि न्यायाधीश दोघांना विचारतात, किती द्याल, किती घ्याल? कंपनी हरली तर मधल्या महिन्यांचा पगार तिच्या गळ्यात पडू शकतो, म्हणून बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. भरपाई खऱ्या अर्थाने इथे ठरते.

रिलीव्हिंग लेटरची भीती मात्र डोक्यातून काढा. ती आपल्याकडची. इथे आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र, हा कायद्याने हक्क आहे. भांडलात म्हणून ते अडवता येत नाही.

तुमच्यासाठी रकमेपेक्षा नोकरीची शेवटची तारीख मोलाची आहे. बी-वन पातळीचं जर्मन येत असेल तर ब्लू कार्डवाल्याला २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, तुमचे १८ झालेत. नोटीसवर असताना तिथे प्रश्न विचारतीलच, तरी पूर्ण नोटीस पिरियड पगारासह मागा, हवं तर कामावर न येता. नोकरी संपते आहे हे कळल्यापासून तीन दिवसांत आर्बाइट्सआगेंटूरकडे नोंदणी करा, आणि मुदतीआधी नोकरी सुटतेय हे समजल्यापासून दोन आठवड्यांत केव्हीआरला, म्हणजे म्युनिकमध्ये परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या पालिकेच्या कचेरीला, कळवा. हे कंपनी कळवेल म्हणून बसू नका.

शुक्रवारी एचआरला एवढंच लिहा: मसुदा मिळाला, वकिलाला दाखवून कळवतो.