लेपर्ड गेकोला (ठिपकेवाल्या पाळीव पालीला) जिवंत किडेच द्यावे लागतात का? वाळवलेल्या अळ्या चालत नाहीत का?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या हट्टापायी गेको घरात आली, रातकिडे बघून तुमच्या अंगावर काटा येतो, आणि दुकानदार म्हणाला की वाळवलेल्या अळ्यांचा डबा पुरे. आमच्याकडे ओहायोत सहा वर्षांपासून एक लेपर्ड गेको आहे. अंगावरच्या ठिपक्यांमुळे मुलाने तिचं नाव बुंदी ठेवलं. त्यामुळे तुमचा काटा मला कळतो.

सरळ उत्तर द्यायचं तर हो, जिवंतच. ही पाल हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालते. वाळकी अळी तिच्या दृष्टीने खडा. चिमट्यात धरून हलवली तर एखादी खाईलही, पण त्यात पाणी उरलेलं नसतं आणि या जनावराला बरंचसं पाणी भक्ष्यातूनच मिळतं. अडीअडचणीला ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही.

पण ‘जिवंत आहे म्हणजे पौष्टिक आहे’ असं समजू नका. मी तिथेच फसलो.

पहिले सात-आठ महिने मी बुंदीला दुकानातून आणलेले मीलवर्म, म्हणजे भुंग्यांच्या पिवळसर अळ्या, जसेच्या तसे देत होतो. शेपूट गुबगुबीत, म्हणजे तब्येत झकास, असा माझा हिशेब. मग एका संध्याकाळी तिने झडप घातली ती चुकली. पुन्हा घातली, पुन्हा चुकली. नीट पाहिलं तर चालताना पोट जमिनीला घासत होतं आणि पुढच्या पायांची बोटं थरथरत होती. पालीच्याच बाबतीत मनात पाल चुकचुकली म्हणा. डॉक्टरीणबाईंनी तिचा खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला, तर तो रबरासारखा दबला. एक्स-रेमध्ये हाडं धुरकट. मेटाबोलिक बोन डिसीज, म्हणजे कॅल्शियमअभावी हाडं मऊ पडण्याचा आजार.

कारण साधं आहे. किड्यांना हाडं नसतात आणि त्यांचं कवच कायटिनचं असतं, कॅल्शियमचं नव्हे. गेकोच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोनपट असायला हवं. रातकिडे आणि मीलवर्म यांच्यात नेमकं उलटं, फॉस्फरसच कॅल्शियमच्या कितीतरी पट. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. त्यात दुकानातले किडे बहुधा दिवसेंदिवस उपाशी असतात, त्यांचं पोट रिकामंच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून आधी किड्याला जेवू घाला. बुंदीच्या जेवणाच्या एक-दोन दिवस आधी मी त्यांना भरपूर कॅल्शियम असलेलं, किडे वाढवण्यासाठीच विकतात ते खाद्य देतो आणि पाण्यासाठी गाजराच्या चकत्या टाकतो. पाण्याची वाटी ठेवलीत तर रातकिडे त्यात बुडून मरतात आणि जो वास सुटतो तो विचारू नका. पालकही नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं.

मग पावडर. झाकणाच्या डब्यात चिमूटभर कॅल्शियम, त्यात पाच-सहा किडे, आणि डबा हलवायचा. सुरमईला रवा लावतो तसा जाड थर नको, पिठी साखर भुरभुरल्यासारखा हवा. आणि लगेच खायला घाला, कारण रातकिडा स्वतःचं अंग साफ करतो आणि तासा-दोन तासांत पावडर बरीचशी उतरते. किड्याचा आकार गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. न खाल्लेले रातकिडे रात्रभर आत सोडू नका, ते गेकोलाच चावतात.

कॅल्शियम पोटात गेलं तरी ते शोषायला व्हिटॅमिन डी३ लागतं. त्यासाठी मंद यूव्हीबी दिवा लावा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा. खिडकीतल्या उन्हाचा उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. डी३ची पावडरही मिळते, पण ती बेताने, कारण जास्तीचं डी३ शरीरात साठतं आणि बाधतं. टाकीत कायम ठेवायच्या वाटीत बिनडी३चं कॅल्शियम ठेवा. लपायची एक जागा ३१-३२ अंश सेल्सिअसपर्यंत ऊबदार हवी, नाहीतर खाल्लेलं पचत नाही.

मुलीचं पुढचं लक्ष्य बेडूक आहे म्हणता, म्हणून व्हिटॅमिन ए बद्दलही सांगतो. व्हायोमिंग टोड ही अमेरिकेतली बेडकाची जात जंगलातून जवळजवळ संपली, तेव्हा ती बंदिवासात वाढवायला घेतली. तिथे बेडकांची जीभ भक्ष्याला चिकटेनाशी झाली. किडा समोर, नेम बरोबर, तरी तोंड रिकामं. कारण निघालं व्हिटॅमिन ए ची कमतरता, तिने जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या पेशीच बदलून जातात. किड्यांमध्ये हे जीवनसत्त्व नगण्यच असतं. त्यामुळे अधूनमधून मल्टिव्हिटॅमिनची पावडर लागते, गेकोलाही.

बागेतले किडे फुकट म्हणून देऊ नका, फवारणीचा भरवसा नाही. आणि काजवा तर मुळीच नको. इकडे जुलैत मुलं बरण्या भरभरून काजवे पकडतात, पण त्यांच्यातल्या विषाने एकाच काजव्यात पाळीव बियर्डेड ड्रॅगन (एक मोठा सरडा) मेल्याची नोंद आहे. मुलीला हे आजच सांगून ठेवा.

राहिला तुमचा काटा. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांपासून सुरुवात करा. त्या उड्या मारत नाहीत, किरकिरत नाहीत, आणि नेहमीच्या किड्यांत याच एकट्या अशा की कॅल्शियम मुळातच चांगलं. मात्र गेकोने चावून खाल्ल्या तरच, अख्खी गिळलेली अळी कधीकधी तशीच बाहेर पडते. मीलवर्म कोंड्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवता येतात, म्हणजे त्यांची वाढ मंदावते. सुपरवर्म, म्हणजे त्यांच्यासारख्याच पण मोठ्या अळ्या, फ्रिजमध्ये ठेवू नका, ते थंडीने मरतात. आमची आई साताऱ्याहून आली होती तेव्हा मीलवर्मचा तो डबा तिने जिऱ्याचा समजून उघडला होता. तेव्हापासून आमच्याकडे त्यावर मराठीत लेबल असतं.

बुंदीचा पुढचा डावा पाय अजून जरा वाकडाच आहे, तो तसाच राहणार म्हणे. झडप मात्र आता चुकत नाही.