रंकाळ्याचे पाणी पत्र्यासारखे का दिसते?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून गेली दोन वर्षे सॉफ्ट पेस्टल (मऊ, भुकटीदार रंगखडू) हाताळते आहे. रंकाळा तलावाच्या काठावरून सूर्यास्ताच्या वेळी दिसणारे, पाण्यातल्या दगडी संध्यामठाचे दृश्य मी करड्या कागदावर रंगवले. त्याचे छायाचित्र सोबत पाठवले आहे. आकाश आणि मठ मनासारखे उतरले, पण पाणी पत्र्यासारखे सपाट दिसते. निळ्याच्या चार-पाच छटा एकावर एक देऊन बोटाने मिसळल्या, तरी फरक पडला नाही आणि आता कागद खडूच धरत नाही. चित्र सुधारता येईल की नव्याने काढावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नव्याने काढण्याची गरज नाही. तुमचे आकाश चांगले साधले आहे, त्याला हातही लावू नका.

कागद खडू धरत नाही, कारण त्याचा दाणा भरून गेला आहे. पेस्टलची भुकटी कागदाच्या खडबडीत पोतात अडकून राहते. बोटाने घासले की ती त्या खळग्यांत दाबली जाते आणि पुढच्या थराला जागाच उरत नाही. म्हणून आता रंग चढवायचा नसून उतरवायचा आहे. बोर्ड उभा धरून, किंचित पुढे झुकवून, ताठ केसांच्या कोरड्या ब्रशने केवळ पाण्याचा भाग झाडावा, म्हणजे भुकटी आकाशावर न पसरता खाली पडेल. ती तोंडाने फुंकू नये, कारण काही रंगद्रव्ये श्वासावाटे आत जाणे घातक असते. उरलेला रंग मऊ, मळता येणाऱ्या रबराने दाबून टिपावा, घासू नये. इतके करूनही कागदावर एक निळसर डाग राहील, तो तळरंग म्हणून तसाच राहू द्यावा. फ्रेंच चित्रकार एदगार दगा याने १८९२ मध्ये पॅरिसमध्ये मांडलेल्या निसर्गचित्रांतही मोनोटाइपच्या (पत्र्यावर रंगवून कागदावर उमटवलेल्या) छापावर पेस्टल चढवलेले होते. खालचा डाग वरच्या रंगाला आधार देतो, याचे त्याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

आता मूळ दोषाकडे येतो. तुमचे आकाश नारिंगी-पिवळे आहे आणि पाणी मात्र भर दुपारचे निळे. पाणी निळे असते हे आपण शाळेपासून घोकलेले असते (आणि खडूंच्या पेटीतही निळे सहा आणि करडा-हिरवा एखादाच असतो), त्यामुळे डोळ्यांसमोरचे दिसत नाही. पलीकडच्या काठाजवळचे पाणी आपण फार तिरक्या नजरेने पाहतो, म्हणून ते जवळजवळ आरशासारखे वागते आणि क्षितिजालगतचे उजळ आकाश त्यात उतरते. जसजसे पाणी आपल्या पायांकडे येते, तसतसे त्यात आकाशाचा वरचा, अधिक गडद भाग दिसू लागतो, प्रतिबिंबाचा जोर कमी होतो आणि पाण्याचा स्वतःचा गढूळ हिरवा रंग वर येतो. म्हणजे दूरवर आकाशाचाच पिवळा खडू किंचित मंद करून वापरावा आणि जवळ येताना करडा-जांभळा व शेवटी गडद हिरवट रंग घ्यावा. तुमच्या चित्रात हा चढउतार कुठेच नाही. मोबाइलवर छायाचित्र कृष्णधवल करून पाहा. पाण्याचा वरपासून खालपर्यंत एकच टोन (उजळ-गडदपणाची पातळी) दिसेल.

मठाचे प्रतिबिंब तुम्ही डावीकडे कललेले काढले आहे. सावली कलते, प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या थेट खाली, पाहणाऱ्याच्या दिशेने उतरते. खांबांमधून दिसणारे आकाश पाण्यातही खांबांच्या मधोमध उमटायला हवे. सूर्य मठाच्या मागे असल्याने त्याचे दगड जवळजवळ काळे आहेत, त्यांचे प्रतिबिंब एक छटा फिके ठेवावे, तर उजळ आकाशाचे प्रतिबिंब एक छटा गडद. शिवाय तुम्ही उंच काठावर उभ्या होतात, त्यामुळे पाण्यात छताचा वरचा भाग कमी आणि छज्ज्याची खालची बाजू अधिक दिसेल. मठ उलटा करून गिरवला तर ते चुकेल.

खडू आडवा धरून, त्याच्या कडेने, हलक्या हाताने आधी उभे फटकारे मारावेत आणि मग त्यांना छेदणाऱ्या मोजक्या आडव्या रेषा द्याव्यात: दूर बारीक व जवळजवळ, पुढे येताना रुंद व विरळ. बोट लावू नये. काही ठिकाणी दाणा तरीही दबलेलाच वाटला, तर आकाश कागदाने झाकून पाण्यावर फिक्सेटिव्हचा (भुकटी कागदावर पक्की करणाऱ्या द्रावणाचा) एक विरळ फवारा द्यावा. पूर्ण वाळल्यावर खडू पुन्हा थोडा धरू लागेल. मात्र फिक्सेटिव्हने उजळ छटा काळवंडतात. मी एकदा घाईने संपूर्ण चित्रावर फवारा मारला आणि माझी पहाट तिन्हीसांजेसारखी झाली. म्हणून पाण्यावरची लकाकी फवाऱ्यानंतर, अगदी शेवटी, खडू एकदाच दाबून द्यावी. तुमच्या चित्रात ती मठाच्या डाव्या बाजूला दोन-तीन ठिकाणी दिली तरी पुरेल.